रस्ता पायी चालणाऱ्याचाही आहे

चैत्रात रामनवमी जवळ आली की वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याकडे येणाऱ्या रस्त्यांचे रूप पालटते. तालुक्यातील श्रीक्षेत्र पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातील तांड्यांतूनही भाविक येथे येतात. कुणी जीपने, कुणी एस.टी.ने, तर कुणी वैदर्भी उन्हाची पर्वा न करता पायी. पायी येणाऱ्या भाविकाला पाणी द्यावे, सावलीत बसवावे, वाहनाने त्याच्यासाठी क्षणभर थांबावे, हे कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. यात्रेकरूच्या पावलांविषयीचा आदर समाजाच्या संस्कारातच आहे.

यात्रा संपते. रस्ता तोच, माणसेही तीच. पण पायी चालणारा माणूस आता वाहनांना अडथळा वाटू लागतो. डोक्यावर गाठोडे घेऊन बाजाराला आलेली तांड्यावरची आजी, दप्तर पाठीला लावून बसथांब्यावरून शाळेकडे निघालेली मुलगी, हाताने तीनचाकी सायकल रेटत कचेरी गाठू पाहणारा दिव्यांग तरुण यांच्यासाठी कुणी थांबत नाही. हॉर्न मात्र आवर्जून वाजवला जातो. वर्षातील चार दिवस ज्याच्या पायाची धूळ मस्तकी लावायची, त्यालाच उरलेले दिवस गटाराच्या कडेने चालायला लावायचे, ही विसंगती नव्हे काय? या प्रश्नाचा विचार मुंबईच्या मंत्रालयाने करावा, दिल्लीच्या संसदेने करावा, हे तर खरेच. पण तो सर्वप्रथम करायला हवा गावच्या नगरपंचायतीने. कारण चालणाऱ्याचे दहापैकी नऊ प्रश्न तिच्याच हद्दीत निर्माण होतात आणि तिच्याच सभागृहात सुटू शकतात.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पुढे २०१४ मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले आणि मानोऱ्यासारखी अनेक गावे कागदोपत्री 'नगरे' झाली. १७ निर्वाचित सदस्य, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, स्वतंत्र अर्थसंकल्प अशी नवी व्यवस्था आली. तिच्याबरोबर 'विकास' या शब्दाची एक ठरावीक कल्पनाही आली. विकास म्हणजे सिमेंटचा रस्ता. तो व्हायलाच हवा होता. पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवला आहे, तो या रस्त्याला नावे ठेवणार नाही. परंतु तालुक्याच्या गावांतून हे रस्ते ज्या पद्धतीने होतात, त्यात चालणारा कुठेच गृहीत धरलेला नसतो. रस्त्याची पातळी दर वेळी वर चढते, कडेला वीतभर खोल धार तयार होते, साईडपट्टी भरली जात नाही. समोरून ट्रक आला की सायकलस्वाराने खाली उतरायचे कसे, याचे उत्तर अंदाजपत्रकात नसते. गटारावरचे ढापे कुठे फुटलेले, कुठे मुळातच नाहीत. जेथे चालायला म्हणून दोन हात जागा उरते, तेथे विजेचे रोहित्र, दुकानाच्या पायऱ्या, पत्र्याचे शेड आणि उभ्या मोटारसायकली येतात. रस्ता गुळगुळीत झाल्याने वाहनांचा वेग वाढतो आणि चालणाऱ्याची जागा मात्र पूर्वीपेक्षा कमी होते.

या रस्त्यांवर माणसे येतात कशी, हे पाहिले म्हणजे ही उपेक्षा किती जणांची आहे, ते कळते. २०११ च्या जनगणनेत शेतीव्यतिरिक्त अन्य कामे करणाऱ्यांना कामावर कसे जाता, हे विचारण्यात आले. देशभरात दर १०० पैकी सुमारे २३ जण पायी आणि १३ जण सायकलने जात होते. चारचाकी मोटारीने जाणारे १०० मध्ये ३ सुद्धा नव्हते. त्यानंतर दुचाक्या खूप वाढल्या, हे मान्य केले तरी शाळकरी मुले, वृद्ध, गृहिणी आणि शेतमजूर या गणतीत धरलेलेच नाहीत. ते धरले तर चालणारे हेच बहुसंख्य ठरतात. मानोऱ्यात दिग्रस, कारंजा, मंगरुळपीर या दिशांनी येणारा माणूस बसमधून उतरला की पायीच असतो. तहसील, बँक, दवाखाना, बाजार, शाळा हे सारे तो पायानेच गाठतो. अशा गावात चालण्याला 'प्रोत्साहन' द्यायचे म्हणजे लोकांना नवे काही शिकवायचे नाही. ते जे रोज करीत आहेत, ते सुखाने आणि निर्भयपणे करता येईल एवढे पाहायचे.

निर्भयपणे हा शब्द येथे शोभेसाठी वापरलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पादचारी होते ३२,८२५. म्हणजे दररोज सरासरी ९० पादचारी. सीमेवर एवढी प्राणहानी झाली असती तर देश पेटून उठला असता. येथे मात्र दोन ओळींची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. यात नियतीचा भाग किती आणि वेगाचा किती, हेही समजून घ्यायला हवे. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतील विज्ञान आहे. ताशी ३० किलोमीटरऐवजी ताशी ५० किलोमीटरने येणारे वाहन चालणाऱ्यावर जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जेने आदळते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने माणसे आणि वाहने जेथे एकत्र वावरतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली. शाळेसमोरच्या रस्त्यावर वेग कमी करणे ही वाहनचालकाची अडवणूक नसून एका कुटुंबाचे मूल वाचवण्याची व्यवस्था आहे.

कायद्याचा आधार नाही म्हणावे, तर तसेही नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याने सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे, ते स्वच्छ ठेवणे आणि त्यांवरील अडथळे दूर करणे ही नगरपंचायतीची आवश्यक कर्तव्येच ठरवून दिली आहेत. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि हे पदपथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत, असे बजावले. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ ने सार्वजनिक इमारती आणि रस्ते अडथळामुक्त करण्याचे बंधन घातले. नागरी स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतील ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे राज्य शासनाचे आदेश आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने तर रस्त्याची सदोष रचना अथवा निकृष्ट देखभाल यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा वा कंत्राटदार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. उणीव कायद्याची नाही, उणीव आहे ती इच्छेची आणि सवयीची.

मग नगरपंचायतीने नेमके करावे तरी काय? प्रारंभ सदस्यांनी स्वतः चालण्यापासून करावा. १७ प्रभागांत १७ सकाळी. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, अभियंता, सोबत एक शिक्षक, एक वृद्ध, एक गर्भवती भगिनी आणि चाकाची खुर्ची वापरणारा एक दिव्यांग बंधू. बसथांब्यापासून तहसीलपर्यंत, वस्तीपासून शाळेपर्यंत, बाजारापासून दवाखान्यापर्यंत. कुठे ढापा तुटला आहे, कुठे दिवा नाही, कुठे खुर्ची अडते, याची नोंद तेथल्या तेथे करावी आणि ती यादी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी. त्या यादीतील निम्मी कामे निविदेशिवाय, केवळ देखभालीच्या खर्चातून होण्यासारखी असतील. खुर्चीत बसलेल्या माणसाबरोबर अर्धा किलोमीटर चालल्यावर जे कळते, ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालातून कळत नाही.

दुसरे काम शाळांचे. प्रत्येक शाळेच्या प्रवेशद्वारापासून अर्ध्या किलोमीटरचा परिसर हा मुलांचा मानावा. तेथे मानकाप्रमाणे उंचवटा करून त्यावर पट्टे मारावेत, म्हणजे मुले एकाच पातळीवरून रस्ता ओलांडतील आणि वाहन आपोआप मंदावेल. गावोगावी रात्रीतून उभे राहणारे, पाठीचा कणा मोडणारे गतिरोधक म्हणजे हा उपाय नव्हे. शाळा भरण्या-सुटण्याच्या अर्ध्या तासात जड वाहनांना त्या बाजूने प्रवेश नको. हमरस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर नगरपंचायतीने ठराव करून तो विभाग आणि पोलीस यांच्याकडे पाठपुरावा करावा. 'रस्ता आमचा नाही' असे म्हणून हात झटकता येणार नाहीत; कारण त्यावरून जाणारी मुले आपलीच आहेत.

तिसरे, पदपथ. भारतीय रोड काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी. गुडघाभर उंच पदपथावर वृद्ध चढत नाहीत आणि खुर्ची तर चढतच नाही. नव्या वस्त्यांच्या आराखड्यात ही रुंदी आजच राखून ठेवली तर उद्या घरे पाडावी लागणार नाहीत. जुन्या गल्ल्यांत एवढी जागा निघणार नाही, हे उघड आहे. तेथे गटारे बंदिस्त करून त्यांवरूनच चालता येईल असे सलग, मजबूत ढापे टाकावेत आणि वाहनांचा वेग माणसाच्या पावलांच्या जवळ आणावा. पदपथ करायचा तर हातगाडीवाल्याला हुसकावून लावायचे, ही दुसरी चूक. तोही पोटासाठीच उभा आहे आणि त्याचा गिऱ्हाईक पायी चालणाराच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाला समिती नेमून जागा निश्चित करण्याची रीत सांगितली आहे. ती पाळली तर विक्रेत्याला स्थैर्य मिळेल आणि चालणाऱ्याला वाट.

चौथे, चाकांवर अवलंबून असणाऱ्यांचे. नगरपंचायत, तहसील, बँका, दवाखाने, टपाल कार्यालय या इमारतींना उतरंडीची वाट हवी. आणि ती कशीही नव्हे, तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी या प्रमाणात. दोन पायऱ्यांची ३० सेंटिमीटर उंची चढायला ३.६ मीटर लांब उतार लागतो. पाच फुटांत उरकलेला तीव्र उतार छायाचित्रापुरता उपयोगी पडतो. दिव्यांगाला तो खाली घसरवतो. निराधार अनुदानाचा कागद देण्यासाठी आलेल्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या हातांवर चढाव्या लागत असतील, तर त्या अनुदानाने त्याचा सन्मान राखला, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार मांडला, तो भाषणाच्या शेवटी उच्चारण्यासाठी नव्हे. रस्त्याच्या बाबतीत अखेरचा माणूस कोण, हे येथे डोळ्यांना दिसते. त्याला जेथून जाता येते, तेथून सगळ्यांनाच जाता येते. बाबागाडी ढकलणाऱ्या मातेला, काठी टेकणाऱ्या आजोबांना आणि भाजीच्या गाडीलाही.

पाचवे, सायकल. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ तालुक्यांत, शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या इयत्ता ८ वी ते १२ वीच्या मुलींना सायकलसाठी साहाय्य दिले जाते. सायकलीने मुलीच्या आयुष्यात काय होते, याचा दाखला बिहारने दिला आहे. २००६ मध्ये तेथे मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी या योजनेमुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पण सायकल शासनाने दिली तरी ती चालवायची वाट नगरपंचायतीनेच द्यायची असते. रस्त्याच्या कडा भरलेल्या असाव्यात, गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर दिवे असावेत, बसस्थानकाजवळ आणि बाजारात छप्पर असलेला, कुलूप लावता येईल असा सायकलतळ असावा. एवढे झाले तरी पुष्कळ झाले. आणि विदर्भात चालण्या-सायकलीचा विचार झाडांशिवाय अपुराच. वैशाखात पारा चव्वेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कडुनिंबाची एक रांग शंभर फलकांहून अधिक काम करते. झाडाखाली एक बाक, एक पाणपोई आणि भगिनींसाठी एक स्वच्छ प्रसाधनगृह, ही चालण्याच्या वाटेची अंगेच होत.

या सूचना ऐकल्यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा, की मानोऱ्यासारख्या लहान गावात वाहतूक ती केवढी? पण हीच तर योग्य वेळ आहे. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. मोटारींच्या लोंढ्यात ती ओळख बुडाली. मग २०१६ मध्ये महापालिकेला पादचारी धोरण करावे लागले, २०१७ मध्ये सायकल आराखडा करावा लागला आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा करावा लागतो. जे सहज होते, ते घालवून मग मोठ्या खर्चाने परत आणायचे, हा पुण्याचा अनुभव मानोऱ्याने कशाला गिरवायचा? हॉलंडचे उदाहरण आज सारे जग देते. पण तो देशही मोटारींच्या मागे लागला होताच. १९७१ मध्ये तेथे तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर मरण पावले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आई-वडील रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्यकर्त्यांनी दिशा बदलली. आज दिसणारे सायकलमार्ग त्या आक्रोशातून आले आहेत. आपण आक्रोशाची वाट पाहायची काय?

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. दारात गाडी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार कसे? त्यांनी माथेरानकडे पाहावे. तेथेही नगरपरिषदच आहे. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे सारे गाव पायी चालते. तरीही तेथील बाजारपेठ पर्यटकांवरच उभी आहे. मात्र माथेरानचा दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा. केवळ मोटार बंद केली, की सर्वांची सोय झाली असे होत नाही. तेथे वर्षानुवर्षे माणूस माणसाला हातरिक्षात ओढत होता. वृद्ध, रुग्ण आणि शाळकरी मुलांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. चालणाऱ्यांचे गाव उभारताना ज्याला चालता येत नाही, त्याला विसरून चालत नाही.

या दोन आक्षेपांहून अवघड असा एक अडसर आहे, तो मनातला. सायकल ही गरिबाची, मोटारसायकल प्रतिष्ठेची, अशी एक उतरंड आपण मनाशी रचून ठेवली आहे. चौकातल्या दुकानातून दूध आणायलाही गाडीला किक मारली जाते. वास्तविक मराठी माणसाच्या उद्योगाचा एक गौरवशाली आरंभ सायकलच्याच दुकानातून झाला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात ते दुकान काढले होते. विनोबांनी १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे देश पायी पालथा घातला. हातात खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडणारे गाडगेबाबा तर याच वऱ्हाडचे. ज्या बंजारा समाजाने रेल्वे आणि मोटार येण्यापूर्वी बैलांच्या तांड्यांसह चालत चालत देशभर मीठ आणि धान्य पोहोचवले, त्याची काशी याच तालुक्यात आहे. खेडोपाडी संघटनेचे काम उभे करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका संपूर्ण पिढीचे वाहनही सायकलच होते. त्यांपैकी कुणाची प्रतिष्ठा चालण्याने उणावली?

म्हणून या कामात नगरपंचायतीइतकीच जबाबदारी समाजाचीही आहे. सगळे शासनाने करावे, ही वृत्ती समाजाला पंगू करते. घराचा ओटा रस्त्यावर किती आला आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक असते; तो नोटिशीची वाट न पाहता मागे घेता येतो. दुकानदाराला आपल्या पायरीपुढील चार हात जागा मोकळी ठेवता येते. शिक्षकांना मुलांचा जथा करून त्यांना पायी शाळेत आणता येते. नगराध्यक्षांनी आणि अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस कार्यालयात पायी किंवा सायकलने यायचे ठरवले, तर गावाला भाषणाची गरज पडणार नाही. तरुण मंडळांनी गणेशोत्सवातील वर्गणीचा काही भाग कडुनिंबाच्या रोपांसाठी आणि त्यांच्या कठड्यांसाठी ठेवला, तर पाच वर्षांत शाळेची वाट सावलीची होईल. दिवाणखान्यात बसून गावाच्या दुरवस्थेवर बोलणाऱ्या सुशिक्षित वर्गाने नगरपंचायतीच्या अर्थसंकल्पात पदपथासाठी आणि दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून नेमका किती खर्च झाला, एवढे तरी विचारावे. विचारणारा समाज असला की करणारी नगरपंचायत घडते.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा संस्कृतीचे दर्शन घडवणाऱ्या संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. चालत्या तांड्यांचा इतिहास तेथे सन्मानाने जपला गेला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच तांड्यावरच्या मुलीला सायकलवरून मानोऱ्याच्या शाळेत निर्धास्तपणे जाता आले, तर तो सन्मान इतिहासातून वर्तमानात येईल. पुढच्या रामनवमीला पायी येणाऱ्या भाविकांसाठी रस्ते झाडले जातील, पाण्याचे माठ भरले जातील, यात शंका नाही. यात्रा संपल्यानंतरच्या सोमवारी, बाजारासाठी पायी आलेल्या आजीला त्याच रस्त्याच्या कडेने अंग चोरून न घेता चालता येते की नाही, हे मानोरेकरांनी आणि त्यांच्या नगरपंचायतीने त्या दिवशी आवर्जून पाहावे.